परतलेल्या कामगाराचा पहिला आठवडा

मार्च संपता संपता बडोद्यातली वर्तमानपत्रे उन्हाविषयी लिहू लागतात. रस्त्यावरचा वाहतूक पोलीस, हातगाडीवाला, बांधकामावरची मजूर स्त्री यांची छायाचित्रे छापली जातात, आणि ते योग्यच आहे. पण मकरपुरा, नंदेसरी, वाघोडिया, सावली या आपल्या भोवतालच्या औद्योगिक वसाहतींमध्ये पत्र्याच्या शेडखाली जी माणसे भट्टीसमोर उभी असतात, त्यांचा उल्लेख क्वचितच होतो, कारण ती उन्हात नसून सावलीत आहेत असे आपण धरून चालतो. मी याच वसाहतींमध्ये सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली आणि निवृत्तीनंतर लहान कारखान्यांना सल्ला देण्याच्या निमित्ताने आजही फोर्जिंगच्या (म्हणजे तापलेले लोखंड यांत्रिक घणाखाली, हॅमरखाली, ठोकून घडवण्याच्या) आणि ओतकामाच्या शेडमध्ये जातो. इतक्या वर्षांच्या निरीक्षणातून माझे एक मत पक्के झाले आहे. उष्णतेचा सर्वांत मोठा धोका दुबळ्या कामगाराला नसतो. नव्याने रुजू झालेल्या किंवा रजेवरून परतलेल्या कामगाराला असतो, मग तो कितीही धडधाकट असो. आपल्याकडचे बहुतेक उपाय मात्र हे लक्षात न घेताच योजलेले असतात.

माणसाच्या शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. स्नायू काम करतात तेव्हा खर्च झालेल्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा किंवा चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरतो आणि उरलेली सर्व ऊर्जा उष्णता म्हणून शरीरातच साठते. म्हणजे घण उचलणारा, साचे वाहणारा, वितळलेल्या धातूचे लॅडल (पळीसारखे भांडे) ढकलणारा माणूस स्वतःच एक लहानशी भट्टी असतो. त्यात समोरच्या लाल लोखंडाची प्रारित उष्णता भर घालते. फोर्जिंगसाठी लोखंड साधारण १,१५० ते १,२५० अंशांपर्यंत तापवतात आणि बीड ओततात तेव्हा ते १,३५० अंशांच्या पुढे असते. ही उष्णता हवेला तापवत बसत नाही, सरळ अंगावर येऊन आदळते. म्हणून शेडमधल्या भिंतीवरचा तापमापक ३८ अंश दाखवत असला, तरी हॅमरसमोरच्या माणसाने सोसलेल्या उष्णतेचा त्यावरून काहीच अंदाज येत नाही.

ही सारी उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग एकच, तो म्हणजे घाम. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता निघून जाते. तोच घाम टपटप जमिनीवर गळला तर पाणीही गेले, मीठही गेले आणि थंडावा मात्र मिळाला नाही. मे महिन्यात माठातले पाणी गार होते आणि पावसाळ्यात त्याच माठातले पाणी कोमट राहते, हे आपल्या घरातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कामगाराच्या कातडीचेही नेमके तेच होते.

म्हणूनच बडोद्यात कारखान्यातला सर्वांत वाईट काळ मे महिना नसतो, हे मी प्रत्येक व्यवस्थापनाला आवर्जून सांगतो. मेच्या कोरड्या दुपारी तापमान ४३ अंश आणि हवेतली आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या बल्बचे तापमान, म्हणजे बल्बवर ओली वात गुंडाळलेल्या तापमापकाचा आकडा, सुमारे २५ अंश भरते. जून सरताना, आभाळ भरून आलेले आणि पाऊस अडलेला असताना, तापमान ३६ अंशांवर उतरते, लोक सुटकेचा श्वास टाकतात, पण आर्द्रता ६५ टक्के झालेली असते आणि ओल्या बल्बचे तापमान ३० अंशांवर चढलेले असते. नेमक्या याच दिवसांत ताकाची टाकी बंद होते, लिंबूपाणी बंद होते, कारण ‘उन्हाळा संपला’ असे परिपत्रक निघालेले असते. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या ज्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या आधारावर माझी सारी नोकरी झाली, त्याखालच्या आदर्श नियमांत कामाच्या जागी जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ओल्या बल्बचे तापमान ३० अंशांच्या वर जाऊ नये, असे लिहिलेले होते. ती मर्यादा आपल्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर शेडबाहेरच्या मोकळ्या हवेतच गाठली जाते. आत भट्टी पेटलेली असताना काय होत असेल, ते सांगायला नको.

याची मोजणी अवघड नाही. तिकाटण्यावर तीन तापमापक लावायचे असतात: एक साधा, एकाच्या बल्बवर सुती वात गुंडाळून तिचे टोक शुद्ध पाण्याच्या बाटलीत सोडलेले, आणि एक काळ्या रंगाच्या पोकळ तांब्याच्या गोळ्यात बसवलेला, जो प्रारित उष्णता टिपतो. छपराखालच्या कामासाठी ओल्या बल्बच्या आकड्याला ०.७ ने आणि काळ्या गोळ्याच्या आकड्याला ०.३ ने गुणून बेरीज करायची. हाच उष्णतेचा निर्देशांक. या सूत्रात ओल्या बल्बला एवढे वजन का, हे वर लिहिलेल्या माठावरून कळेल. ही पद्धत १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षण केंद्रांवर, नवे शिपाई कवायतीत कोसळू लागले तेव्हा, तयार झाली. तिकाटणे ठेवल्यावर काळा गोळा स्थिर व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात आणि तेवढा धीर बहुतेकांना नसतो. वात तेलकट हातांनी मळलेली असेल, तर ओल्या बल्बचा आकडाही चुकतो. ते उपकरण हॅमरच्या ऑपरेटरच्या जागी ठेवायचे असते. त्या जागी माणूस उभा असल्यामुळे ते सोयीने दारापाशी ठेवलेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि दारापाशी घेतलेला आकडा कागद भरण्यापलीकडे कशाच्याही उपयोगाचा नसतो.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. उष्णतेला शरीर सरावते. रोज निदान दोन तास उष्णतेत प्रत्यक्ष काम केले, तर सात ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, त्यातून मीठ कमी जाते, रक्तातल्या द्रवाचे प्रमाण वाढते आणि त्याच कामाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. हा बदल औषधाने होत नाही, निश्चयाने होत नाही आणि तरुण वयामुळे आपोआप मिळालेलाही नसतो. शिवाय तो टिकत नाही. आठवडाभर उष्णतेपासून दूर राहिले, की त्यातला बराचसा भाग गळून जातो आणि महिनाभरात जवळजवळ सगळाच जातो. उष्णतेने कामावर झालेल्या मृत्यूंपैकी जवळजवळ निम्मे कामाच्या पहिल्याच दिवशी आणि ७० टक्क्यांहून अधिक पहिल्या आठवड्यात होतात, असे अमेरिकेची कामगार सुरक्षा संस्था ‘ओशा’ सांगते. तिथला कामगार आणि आपला कामगार यांचे शरीर वेगळे नाही.

हा आकडा आपल्या कॅलेंडरवर ठेवून पाहावा. मकरपुऱ्यातल्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांपैकी मोठा भाग उत्तर प्रदेश, बिहार आणि ओडिशातून आलेला आहे, आणि काही दाहोद-पंचमहालातून. होळीला ते गावी जातात, लग्नसराईत जातात, गव्हाच्या कापणीला जातात. परततात ते एप्रिल, मे आणि जून या महिन्यांत. दोन रात्री रेल्वेच्या गर्दीत उभ्याने किंवा बसून काढलेल्या, पोटात धड अन्न नाही, पाणी मोजून प्यालेले, आणि बडोद्याला उतरल्यावर ठेकेदाराचा निरोप आलेला असतो की उद्या सकाळच्या शिफ्टला माणूस कमी आहे. सरावलेपण गमावलेले शरीर वर्षातल्या सर्वांत कठीण आठवड्यात पूर्ण आठ तासांसाठी, कित्येकदा बारा तासांसाठी भट्टीसमोर उभे राहते. त्याला कोणी नवा म्हणत नाही, कारण तो ‘जुना माणूस’ असतो.

असाच एक जुना माणूस मी पाहिला. कारखान्याचे नाव इथे महत्त्वाचे नाही. उत्तर प्रदेशातल्या बलियाकडचा, पंचविशीतला, हॅमरवर हेल्पर, अंगाने दणकट. बहिणीचे लग्न उरकून आदल्या रात्री परतलेला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याने नेहमीसारखे काम केले. तीनच्या सुमाराला तो चिमट्याने लाल तुकडा उचलून साच्यावर ठेवण्याऐवजी हातात धरून तसाच उभा राहिला. ऑपरेटर ओरडला, तेव्हा त्याने तुकडा भलतीकडेच टाकला आणि ऑपरेटरवर धावून गेला. शर्ट चिंब ओला होता, मानेवरून घाम वाहत होता. सुपरवायझर आपला मराठी माणूस, दांडिया बाजारात राहणारा, मनाने वाईट नव्हता, पण तो मला म्हणाला, “साहेब, घेऊन आला असेल. बाहेर बसवतो, उतरली की घरी पाठवू.” मी त्या मुलाला त्याचे नाव आणि आज कोणता वार आहे ते विचारले. नाव त्याने सांगितले. वार सांगताना जीभ अडखळली आणि तो हसू लागला. त्या हसण्याने मी घाबरलो.

याचे कारण असे की उष्माघाताची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. आतले तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि मेंदूच्या कामात बिघाड दिसू लागला, की तो उष्माघात. चिडणे, गोंधळणे, असंबद्ध बोलणे, तोल जाणे, झटके येणे, बेशुद्ध होणे यांपैकी काहीही पुरेसे आहे. ‘घाम थांबला आणि कातडी कोरडी पडली, की उष्माघात’ हे वाक्य आजही प्रथमोपचाराच्या तक्त्यांवर छापलेले असते आणि त्याने फार नुकसान केले आहे. घरात पडून असलेल्या वृद्ध माणसाच्या बाबतीत ते बहुधा खरे ठरते. पण श्रम करता करता कोसळलेला तरुण कामगार घामाने निथळत असतानाच उष्माघाताच्या अवस्थेत असू शकतो. घाम येतो आहे म्हणून त्याला पंख्याखाली बसवून ठेवणे हा जीवघेणा उशीर असतो. भट्टीवर काम करणारा माणूस वेडेवाकडे वागू लागला तर तो प्यायलेला आहे असे धरू नये. आधी उष्माघात धरावा आणि तो नाही हे कळेपर्यंत तसेच वागावे.

त्या मुलाच्या सुदैवाने कारखान्याच्या आवारात पाण्याची मोठी टाकी होती आणि कँटीनच्या फ्रीजमध्ये बर्फ होता. आम्ही एक ताडपत्री जमिनीवर पसरली, त्याला तिच्यावर निजवले, चौघांनी चारी कडा धरून वर उचलल्या, आणि त्या खोळीत पाणी व बर्फ ओतत तो हलवत राहिलो. डोके एकाने वर धरून ठेवले होते. दुसऱ्याने १०८ ला फोन केला. जगभरातल्या अनुभवावरून ठरलेला नियम आहे, आधी थंड करा आणि मग हलवा. पहिल्या अर्ध्या तासात आतले तापमान ३९ अंशांच्या खाली आणता आले तर माणूस बहुधा वाचतो. त्यानंतर उशीर होईल तसे स्नायू विरघळू लागतात, त्यांचा कचरा मूत्रपिंडात अडकतो, यकृत आणि रक्त गोठण्याची यंत्रणा बिघडते. बर्फ नसेल तर नळाचे पाणी आणि ओल्या चादरी, त्याही सतत बदलत. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. पॅरासिटामॉल देऊ नये. हा ताप जंतूंमुळे आलेला नाही, त्या गोळीचा उपयोग होत नाही आणि यकृतावर भार मात्र पडतो. तो मुलगा बरा झाला. रुग्णालयातल्या नोंदीत लिहिले होते ‘चक्कर’, आणि कारखान्याच्या नोंदवहीत काहीच लिहिले नव्हते.

पाण्याविषयी सर्व जण बोलतात, म्हणून मी फक्त न बोलल्या जाणाऱ्या गोष्टी लिहितो. तहान लागेपर्यंत थांबू नये, दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावे, पण तासाला सुमारे १.४ लिटरच्या वर जाऊ नये, कारण नुसतेच पाणी भराभर प्याल्याने रक्तातले मीठ पातळ होते आणि तेही जिवावर बेतू शकते. दोन तासांहून अधिक घाम गाळायचा असेल तर मीठ घातलेले ताक किंवा प्रमाणात केलेले ओआरएस हवे. आपल्या घरचे पन्हेही चालते, साखर बेताची आणि मीठ पुरेसे असेल तर. बाजारातली गोड रंगीत पेये या कामाची नाहीत. पूर्वी मुकादमाकडे मिठाच्या गोळ्यांचा डबा असे. त्या गोळ्या पोटात मळमळ आणतात आणि पाण्यावाचून घेतल्या तर अपायच करतात, तेव्हा तो डबा गेला हे बरे झाले. आणखी एक गोष्ट मला फार अस्वस्थ करते. ओतकामाच्या कोअर शॉपमध्ये, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे बनवतात तिथे, पुष्कळदा स्त्रिया काम करतात. त्यांतल्या अनेकजणी दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण शौचालय दूर आहे, घाण आहे, किंवा त्याला कडी नाही. त्या शेडमध्ये कितीही गार पाण्याची टाकी बसवली तरी त्यांच्यापुरती ती रिकामीच असते. उष्णतेपासून संरक्षणाची माझी तपासणी म्हणूनच स्त्रियांच्या शौचालयाच्या दारापासून सुरू होते.

नंदेसरीकडच्या रासायनिक कारखान्यांत धोक्याचे रूप थोडे वेगळे आहे. तिथे भट्टी नसेल, पण वाफ आत न शिरू देणारा संपूर्ण अंगाचा पोशाख असतो, आणि जो पोशाख आम्लाची वाफ आत येऊ देत नाही तो घामाची वाफही बाहेर जाऊ देत नाही. अशा पोशाखासाठी मोजलेल्या उष्णतेच्या निर्देशांकात ११ अंश मिळवावेत, असे औद्योगिक आरोग्याचे मापदंड सांगतात. पोशाख काढणे हा त्यावरचा उपाय होऊच शकत नाही. उपाय आहे तो कामाचा अवधी कमी करणे आणि पाळीपाळीने माणसे बदलणे.

यंत्रांच्या बाबतीत थोडेच लिहितो. मॅनकूलर, म्हणजे कामगाराच्या अंगावर वारा सोडणारा मोठा पंखा, ४० अंशांच्या वरची हवा अंगावर फेकू लागला की तो थंड करण्याऐवजी तापवू लागतो. बाहेरची हवा पाण्याच्या पॅडमधून आणून डक्टने माणसाच्या छातीपाशी सोडली तर फरक पडतो, तोही कोरड्या महिन्यांतच. भट्टी आणि माणूस यांच्यामध्ये चकचकीत ॲल्युमिनियमचा पत्रा उभा केला तर प्रारित उष्णतेचा बराच मोठा भाग परत फिरतो, आणि खर्चाच्या मानाने याहून गुणकारी गोष्ट मला माहीत नाही. मात्र एका शेडमध्ये तो पत्रा तेलाच्या काजळीने इतका काळा झालेला होता की तो उष्णता परतवण्याऐवजी पिऊन पुन्हा कामगाराकडेच टाकत होता. आठवड्यातून एकदा पुसणे कोणाचे काम, हे ठरलेले नव्हते. छपराला चुन्याचा किंवा परावर्तक रंगाचा हात देणे, दुहेरी छप्पर करणे, तप्त भागांवर उष्णतारोधक आवरण घालणे, हे सारे त्या १९४८ च्या कायद्याच्या १३ व्या कलमातच सुचवलेले होते. त्याच कायद्याच्या १८ व्या कलमाने अडीचशेहून अधिक कामगार असतील तिथे उन्हाळ्यात गार पाणी बंधनकारक केले होते. मकरपुऱ्यातल्या बहुसंख्य शेडमध्ये अडीचशे माणसे कधीच नसतात.

कामगार रात्री कुठे झोपतो याचाही विचार कारखान्याने करायला हवा, असे मी म्हणतो तेव्हा मालक मंडळी अस्वस्थ होतात. तरसाली, माणेजा या भागांत पत्र्याच्या खोलीत पाच-सहा जण मिळून राहतात. दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत निवत नाही आणि शरीराला सावरायला मिळणारे तासच हिरावले जातात. दिवसा सोसलेला ताण दुसऱ्या दिवशीच्या खात्यावर चढतो. महिनोन् महिने असे पाण्यावाचून घामेजत राहिलेल्या माणसाची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होतात, हे मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांमध्ये स्पष्ट दिसून आले आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२४ साली जगातले २४१ कोटी कामगार अतिउष्णतेच्या संपर्कात येतात असा अंदाज दिला, तेव्हा त्यात मूत्रपिंडाच्या या आजाराचाही वेगळा उल्लेख होता.

शेजारच्या अहमदाबादेत मे २०१० मधल्या लाटेत तापमान ४६.८ अंशांवर गेले आणि त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू अधिक झाले. त्यातून २०१३ साली दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा तयार झाला. तो आराखडा मोलाचा आहे आणि त्याने प्राण वाचवले आहेत याबद्दल मला शंका नाही. पण शहराचा इशारा कमाल तापमानावर चालतो, आणि ३६ अंशांच्या दमट दिवशी भट्टीसमोर उभ्या असलेल्या, कालच गावाहून आलेल्या मुलासाठी तो वाजत नाही. तो इशारा कारखान्याच्या फाटकावरच द्यावा लागतो.

माझी सूचना अगदी साधी आहे आणि दोन-तीन ठिकाणी ती चालू झाली आहे. फाटकावर रजेवरून परतलेल्याची तारीख विचारावी. आठवड्याहून अधिक काळ बाहेर राहून आला असेल, किंवा कावीळ-टायफॉइडमधून उठला असेल, तर त्याच्या हेल्मेटला पिवळी पट्टी लावावी. जुन्या, अनुभवी माणसाला भट्टीजवळ पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मा वेळ, दुसऱ्या दिवशी साठ टक्के, तिसऱ्या दिवशी ऐंशी टक्के आणि चौथ्या दिवसापासून पूर्ण काम. अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी वीस टक्के आणि रोज वीस टक्क्यांची वाढ. उरलेला वेळ त्याने स्टोअर, पॅकिंग किंवा सावलीतले दुसरे काम करावे. पिवळी पट्टीवाला एकटा असू नये, आणि त्याच्या जोडीदाराला उष्माघाताची लक्षणे तोंडपाठ असावीत. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा सर्दीची औषधे घेणाऱ्यांची नोंद याच वेळी व्हावी, कारण त्यांचे शरीर उष्णतेला लवकर शरण जाते.

ठेकेदार यावर पहिला प्रश्न विचारतो तो पगाराचा, आणि तोच खरा प्रश्न आहे. त्या चार-पाच दिवसांची मजुरी पूर्ण दिली नाही, किंवा नगावर पैसे मिळत असतील आणि पट्टीमुळे नग कमी भरले, तर परतलेला माणूस फाटकावर ‘मी परवाच आलो’ असे सांगेल, पट्टी खिशात घालेल आणि पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी करील. गावाकडच्या लग्नाचे कर्ज त्याच्या डोक्यावर ताजे असते. म्हणून आता मी कारखान्यांना एवढेच सांगतो, की ठेकेदाराच्या वर्क ऑर्डरमध्येच ही अट घाला: पिवळ्या पट्टीच्या दिवसांची पूर्ण मजुरी कंपनी देईल, नगावर काम करणाऱ्याला त्याच्या मागच्या महिन्याच्या सरासरीने देईल, आणि हजेरीपत्रकावर ते दिवस पूर्ण दिवस म्हणूनच मांडले जातील.